नववा प्रश्न जिन्यावर

उर्मिला पाष्टे फॉर्ममध्ये खोटं लिहिते, हे शोधून काढायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं. आता कबूल करायला हरकत नाही. आमच्या ऑफिसात ती सगळ्यांची लाडकी होती आणि मी कोणाचीच नव्हते, एवढं कारण मला पुरेसं होतं.

ऑफिस म्हणजे मीरा रोडला एका सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे. तिथून एका संशोधनाचं काम चालायचं. पस्तीस ते पंचावन्न वयाच्या, सतत थकलेल्या, मन कशात लागत नाही म्हणणाऱ्या बायकांना सहा महिने नाचणी, शेंगदाणे आणि तिळाचे लाडू द्यायचे, सोबत ब्राह्मीच्या गोळ्या द्यायच्या आणि काही फरक पडतो का ते बघायचं. लाडू सगळ्यांना सारखे. गोळ्या मात्र निम्म्या जणींना ब्राह्मीच्या आणि निम्म्या जणींना नुसत्या पिठाच्या. कोणाच्या बाटलीत काय आहे ते बायकांना माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. हे सगळं त्यांना समजावून, सह्या घेऊनच काम सुरू केलं होतं. पण घरी काय पोहोचलं? "आयुर्वेदिक औषध आहे, फुकट आहे, साइड इफेक्ट नाही." आपल्याकडे जडीबुटीवर माणसांचा देवाइतका विश्वास, देवावरचाही कधी कधी थोडा कमीच.

मी मिनल. गिरगावातून इथे राहायला आलेली, बावीस वर्षं एका लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नंबर लावलेली बाई. नंबर चुकला की माणूस चुकतो, हे माझ्या हाडात मुरलेलं. त्यामुळे फॉर्म तपासायचं काम माझ्याकडे होतं आणि घरोघरी जायचं काम उर्मिलाबाईंसारख्या चौघींकडे.

उर्मिलाबाई राजापूरकडच्या. पन्नाशी उलटलेली, बुटक्या, साडीखाली मुलाचे जुने बूट घालून चालायच्या. आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या. पेणकरपाड्यातली साठ घरं त्यांच्या वाट्याला आली होती. सकाळी निघाल्या की दुपारी येऊन टेबलावर डब्यांची चळत ठेवायच्या, आणि तिथेच आमचं पहिलं वाजलं. लाडवांचे स्टीलचे डबे दर पंधरवड्याला परत यायचे. बाकीच्या तिघींचे डबे रिकामे यायचे, उर्मिलाबाईंचे कधीच नाही. एकात मूठभर तांदूळ, एकात चार आमसुलं, एकात साखरेची पुडी. मुंग्या व्हायच्या. मी दहादा सांगितलं, "बायकांना सांगा, डबा धुऊन, पुसून, रिकामा द्या."

"रिकामा डबा परत नाही देत आमच्यात," त्या म्हणायच्या. "देणाऱ्याचं घर रिकामं होतं."

"आणि आमचं ऑफिस मुंग्यांनी भरतं त्याचं काय?"

त्या हसायच्या आणि आमसुलं मला द्यायच्या. मी घ्यायचेही. चिडायचं ते चिडायचंच, पण सोलकढी ती सोलकढी.

खरी भानगड नवव्या प्रश्नाची होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बाईला नऊ प्रश्न विचारायचे असत. झोप लागते का, भूक लागते का, कशात रस वाटतो का, असे. अजिबात नाही म्हणजे शून्य, काही दिवस म्हणजे एक, निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे दोन, जवळजवळ रोज म्हणजे तीन. नववा प्रश्न असा : 'गेल्या पंधरा दिवसांत, यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात आलं का?' त्याला एक जरी आकडा आला तरी त्याच दिवशी आमच्या समुपदेशक बाईंनी फोन करायचा, असा नियम. तिघींच्या एकशे ऐंशी घरांत नवव्या प्रश्नाला सगळीकडे शून्य. उर्मिलाबाईंच्या साठ घरांत अकरा जणींना आकडा.

"एकाच पाड्यात अकरा?" प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. अनुष्का म्हणाल्या. तरुण होत्या, हुशार होत्या, आणि वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. "एक तर तिथे काहीतरी भयंकर चाललंय, नाहीतर ह्या बाई प्रश्न धड विचारत नाहीत. मिनलताई, त्यांना न सांगता त्या अकरांतल्या दहा घरांत तुम्ही जाऊन परत विचारा. घरात, खासगीत, शब्दाला शब्द."

शब्दाला शब्द हे माझं आवडतं काम. मंगळवारी मी नऊ घरं केली. नऊच्या नऊ शून्य. बुधवारी सकाळी अकराला दहाव्या घरी गेले. एक्केचाळीस नंबर, संजना.

चार मजली जुनी इमारत, वर गच्ची, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. संजना अडतीसची, माणगावची, नवरा एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर, मुलगा राजू सातवीत. घर इतकं आवरलेलं की मला माझ्या घराची लाज वाटली. मुलाचे गणवेशाचे तीन जोड इस्त्री करून खुर्चीवर ठेवले होते. सासूबाई, चंपाबाई, वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी खासगीत बोलायचंय म्हटल्यावर ताट उचलून स्वयंपाकघरात गेल्या. दोन खोल्यांच्या घरात खासगी म्हणजे एवढंच. वाटाण्याच्या शेंगा मोडल्याचा आवाज मला ऐकू येत होता, म्हणजे माझा आवाज त्यांना येतच असणार. पण फॉर्मवर 'खासगीत' पुढे मी बरोबरची खूण केली.

"उर्मिलाताई नाही आल्या?" संजनाने विचारलं. "त्या बाराला येतात. बुधवारी."

"आज मी आलेय ना," मी म्हटलं.

आठ प्रश्नांना तिने सरळ उत्तरं दिली. झोप नाही, तीन. भूक नाही, तीन. नववा प्रश्न मी शब्दाला शब्द वाचला. आतला शेंगांचा आवाज थांबला. संजनाने एकदा देव्हाऱ्याकडे बघितलं, एकदा छताकडे, आणि म्हणाली, "नाही."

मी शून्य लिहिलं. चांगलं गोल, वळणदार.

मग ती उठली आणि लाडवांचा डबा घेऊन आली. धुतलेला, पुसलेला, रिकामा. बरोबर गोळ्यांची बाटली, तीत आठ दिवसांच्या गोळ्या शिल्लक. "ह्या पण घेऊन जा. दुसऱ्या कोणाला तरी होतील," ती म्हणाली.

आणि मी काय केलं? मी तिला शाबासकी दिली. "वा, तुमचाच पहिला डबा असा स्वच्छ आला," असं म्हणाले. ती हसली. ते हसू मला आजही आठवतं आणि आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ऑफिसात आले. डॉ. अनुष्कांनी फोन करून उर्मिलाबाईंना पाड्यात न जाता सरळ ऑफिसात बोलावून घेतलं. एक वाजता त्या आल्या, पदराने मान पुसत बसल्या. मी दहा फॉर्म एकाखाली एक मांडले. दहा शून्यं.

"काही सांगायचंय तुम्हाला?" डॉ. अनुष्कांनी विचारलं.

त्यांनी एकेक फॉर्म बघितला. मग मला म्हणाल्या, "कुठे विचारलंत?"

"म्हणजे? घरी."

"घरात बसून? नववा पण?"

"मग काय रस्त्यात विचारायचा?"

"हो," त्या म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात मी पण घरातच विचारला होता. एका सासूने मला दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणाली, भरल्या घरात मरणाचं बोलतेस? वास्तू तथास्तु म्हणते, माहीत नाही का तुला? घरी गेल्यावर विचार केला, तिचं काय चुकलं? माझ्या घरात मी तरी बोलेन का असं? तेव्हापासून आठ प्रश्न आत आणि नववा उंबऱ्याबाहेर. जिन्यावर नेते मी त्यांना. तिथे तथास्तु म्हणायला कोणी नाही, ऐकायला सासू पण नाही. मग बोलतात बाया."

डॉ. अनुष्का म्हणाल्या, "हे फॉर्मवर का नाही लिहिलंत?"

"जागा कुठे आहे फॉर्मवर?"

वास्तू तथास्तु म्हणते हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आई आयुष्यभर तेच सांगत आली. मी स्वतः घरात 'मीठ संपलं' म्हणत नाही, 'मीठ वाढलं' म्हणते. आणि परक्या बाईच्या देव्हाऱ्यासमोर बसून मी तिला तसला प्रश्न विचारून आले होते.

एवढ्यात उर्मिलाबाईंचं लक्ष टेबलावरच्या डब्याकडे गेलं. एक्केचाळीस. त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"हा रिकामा कोणी दिला?"

"संजनाने. आणि बाटली पण परत दिली, दुसऱ्या कोणाला तरी होईल म्हणाली. अजून आठ दिवसांच्या…"

मला वाक्य पुरं करता आलं नाही. त्या उठल्या होत्या. "माणगावची बाई आहे ती. सहा वेळा डबा दिला, सहाही वेळा भरून. गेल्या खेपेला घरात काही नव्हतं तर दोन लवंगा टाकल्या होत्या. ती रिकामा डबा देणार नाही. सगळं ज्याचं त्याला देऊन टाकतेय ती, मॅडम. फोन लावा."

डॉ. अनुष्कांनी फोन लावला. चंपाबाईंनी उचलला. सून फोन घरीच ठेवून दळण आणायला गेली, दीड तास झाला, असं म्हणाल्या.

"गिरणी एक ते चार बंद असते," उर्मिलाबाई म्हणाल्या, तेव्हा त्या दाराबाहेर पोहोचल्या होत्या.

मला कोणी चल म्हटलं नव्हतं. मी आपली त्यांच्या मागे पळाले आणि रिक्षात बसले. "भैया, काशीमीरासे मत लो, अंदरसे लो, जल्दी," त्यांनी सांगितलं. मेट्रोच्या खांबांपाशी रिक्षा अडकली. एक टँकर आडवा झाला होता. मी म्हणाले, "गेल्या वेळी किती होता तिचा नववा?" त्या म्हणाल्या, "दोन. समुपदेशक बाईंचा फोन आला तेव्हा सासू बाजूला बसलेली. सगळं ठीक आहे म्हणाली. डॉक्टरकडे चल म्हटलं तर सासू म्हणे, औषध चालू आहे ना, ब्राह्मी चालू आहे, आणखी कशाला?" मग त्या मुठी आवळून टँकरकडे बघत राहिल्या. एक्केचाळीस नंबरच्या फॉर्मवरचं ते शून्य मला दिसत होतं आणि अक्षर माझं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. गिरणीचं शटर खाली होतं. गिरणीवाला शेजारच्या ओट्यावर आडवा झालेला. "संजना? नाय आली आज," तो म्हणाला. तिसरा मजला चढलो. चंपाबाई दारात उभ्या. उर्मिलाबाई सरळ आत गेल्या आणि पिठाचा डबा उघडला. काठोकाठ भरलेला. पीठ भरलेलं असताना दळण कशाला, हे चंपाबाईंनाही तेव्हा कळलं. त्यांनी दाराची चौकट धरली.

"ती काही बोलली का जाताना?"

"राजूला डब्यात बटाट्याची भाजी आवडते म्हणाली. मला म्हणाली, लक्षात ठेवा." चंपाबाईंनी चौकट अजून सोडली नव्हती. "मला वाटलं, आपलं सहज बोलतेय."

मी खाली धावले. गल्ली बघितली, देऊळ बघितलं, भाजीवाल्याला विचारलं, हायवेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊन आले. हायवेवरून ट्रक सुसाट चालले होते. देवाचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण त्या दिवशी घेतलं. परत आले तर उर्मिलाबाई इमारतीच्या दारात उभ्या होत्या, मान वर करून.

"मिनलताई, आज वार कोणता?"

"बुधवार. अहो, वार काय विचारताय?"

"माझा वार," त्या म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या. तिसरा मजला ओलांडला, चौथा ओलांडला. त्याच्यावर गच्चीकडे जाणारा जिन्याचा शेवटचा तुकडा होता. खालूनच मला दिसलं की गच्चीचं दार उघडं आहे आणि ऊन आत आलंय.

वरून तिसऱ्या पायरीवर संजना बसली होती. दाराकडे पाठ करून. मांडीवर रिकामी पिशवी, चप्पल शेजारी काढून नीट जोडीने ठेवलेली.

"उशीर केलात, उर्मिलाताई," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "दोनदा उठले मी. मग म्हटलं, आज बुधवार, त्या येतील. इथेच विचारतात."

उर्मिलाबाई तिच्या शेजारी बसल्या. बसल्या म्हणजे कोसळल्याच, गुडघे धरून. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. मी दोन पायऱ्या खाली उभी. मला रडू येत होतं आणि रडायचा मला अधिकार नव्हता.

"ह्या बाईंनी आत विचारलं," संजना माझ्याकडे बघून म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं.

"त्या परत विचारतील," उर्मिलाबाई म्हणाल्या. "विचारा, मिनलताई."

फॉर्म माझ्या पिशवीतच होता. मी पायरीवर बसले आणि विचारलं. शब्दाला शब्द नाही आलं मला. "संजना, मरावंसं वाटतंय का गं?" एवढंच विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "चार महिने रोज. राजूचं तोंड बघते आणि दिवस काढते. आज त्याचं तोंड बघून पण काही वाटलं नाही, तेव्हा भीती वाटली मला."

आमच्या कामात चूक खोडरबराने पुसायची नसते. एक सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, तारीख टाकायची. मी शून्यावर रेघ मारली. तीन लिहिलं. सही नीट आली नाही.

चंपाबाई धापा टाकत वर आल्या. त्यांनी उघडं दार बघितलं, सुनेकडे बघितलं आणि संतापल्या. माणसाच्या भीतीचा असाच संताप होतो. "अगं, घरात सांगायचंस ना! मी मेले होते का?"

"घरात कसं सांगू?" संजना म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, आई, वास्तू तथास्तु म्हणते. राजू झोपतो त्या घरात."

चंपाबाई सुनेच्या पायाशी खालच्या पायरीवर बसल्या. मग त्यांनी जोडीने ठेवलेल्या त्या चपला उचलल्या आणि एकेक करून सुनेच्या पायात घातल्या. सासू सुनेच्या पायाला हात लावत नाही आमच्याकडे. त्यांनी लावला.

त्याच दुपारी आम्ही चौघी एका रिक्षात कोंबून सरकारी दवाखान्यात गेलो. मनाच्या डॉक्टरांनी संजनाला दाखल करून घेतलं, खरी औषधं सुरू केली. चंपाबाई पहिल्यांदा कुरकुरल्या, "ब्राह्मी होती ना चालू." उर्मिलाबाई एवढंच म्हणाल्या, "ब्राह्मी राहू दे बाजूला. ताप डोक्यात गेला असता तर काय काढाच देत बसला असतात का?" त्यानंतर चंपाबाईच वेळ लावून गोळ्या द्यायला लागल्या. डॉ. अनुष्कांनी दुसऱ्या दिवशी उर्मिलाबाईंची माफी मागितली, सगळ्यांसमोर. मग बाकीच्या तिन्ही भागांतला नववा प्रश्न पुन्हा विचारायचं ठरलं, जिन्यावर, ओट्यावर, नळावर, जिथे बाई बोलेल तिथे. एकशे ऐंशी शून्यांतली सत्तावीस खोडावी लागली.

वर्षभराने बाटल्यांचं गुपित उघडलं. ब्राह्मीच्या गोळ्या आणि पिठाच्या गोळ्या, दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. लाडवांनी अशक्तपणा थोडा कमी झाला. संजनाच्या बाटलीत पीठ होतं. अहवालात हे सगळं तक्त्यांसकट छापून आलं. उर्मिलाबाईंच्या जिन्याबद्दल तळटीपेत एक ओळ आहे, आणि तीही मी भांडून घालायला लावली.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. संजना दवाखान्यातून घरी आली. आता तिची औषधं चालू होती, त्यामुळे आमच्या गोळ्या बंद केल्या. लाडू आणि प्रश्न तेवढे चालू राहिले. अभ्यासाच्या शेवटच्या फेरीला उर्मिलाबाई मला म्हणाल्या, "एक्केचाळीस तुम्ही करा." मी गेले. चंपाबाईंनी चहा दिला. आठ प्रश्न झाले. आठवा संपला तशी संजना आपणहून उठली, चप्पल पायात सरकवली आणि माझ्या आधी जिन्यावर जाऊन उभी राहिली. गच्चीच्या दाराला आता कुलूप होतं.

मी विचारलं.

तिने विचार केला. खरोखर केला, बोटांवर दिवस मोजले. "एक लिहा," ती म्हणाली. "काही दिवस वाटतं. रोज नाही."

शून्य ऐकलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्या एकावर ठेवला. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुठलाच आकडा लिहिला नव्हता. नियमाप्रमाणे समुपदेशक बाईंना तिथूनच फोन केला आणि संजना त्यांच्याशी जिन्यावर उभी राहूनच दहा मिनिटं बोलली.

निघताना शेवटचं काम उरलं होतं. अभ्यास संपला की डबे परत घ्यायचे आणि मोजून जमा करायचे. मी म्हटलं, "संजना, डबा?"

"डबा आज नाही मिळायचा हां," ती म्हणाली. "आईंनी त्यात भाजणी भरून ठेवलीय. दिवाळीला चकल्या करायच्यात आम्हाला. मग देते भरून."

दिवाळीला पाच महिने होते. मी फॉर्मवर लिहिलं, 'डबा येणे बाकी', आणि खाली नीट सही केली.